चाळीस काड्या

बोलणं हे माझं काम नाही. बटण दाबलं की मी मुकाट्यानं डोळा मिचकावतो, तोही तुम्हाला दिसत नाही, आणि समोरचा टीव्ही बडबडायला लागतो. पण आज टीव्ही चालू असूनही घरात शांतता आहे. म्हटलं, आपणही जरा बोलून घ्यावं. मी रिमोट. लालबागच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, टीव्हीसमोरच्या दिवाणावर माझा मुक्काम असतो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. पहिली आठवण थर्माकोलच्या खाचेतली. दुसरी मालनबाईंची. दुकानातून घरी आणलं त्याच दिवशी त्यांनी मला पारदर्शक पिशवीत घातलं, टोकं दुमडली आणि वरून कोथिंबिरीच्या जुडीचं रबर चढवलं. "ऱ्हवांदे, नवीन ऱ्हवतलो," म्हणाल्या. तेव्हापासून मी नवीनच आहे.

पिशवीतून सगळं पोचतं, पण बधिर होऊन पोचतं. दाब कळतो, ऊब कळत नाही. कुणी रागानं दाबलं काय नि मायेनं दाबलं काय, मला सारखंच. मालनबाई एकदा दाढ काढून आल्या आणि गालावर हात ठेवून म्हणाल्या, "गाल माझा वाटतच नाय." मला लगेच समजलं त्या काय म्हणतायत ते.

पुढे सेट-टॉप बॉक्स आला. येताना स्वतःचा रिमोट घेऊन आला. सगळे चॅनल त्याच्याकडे गेले आणि माझ्याकडे दोनच कामं उरली, चालू-बंद आणि आवाज. घरात नवीन माणूस आलं की जुन्याची कामं अशीच न सांगता वाटली जातात. आवाजाचं खातं माझ्याकडे राहिलं, तेवढ्यावर मी समाधानी होतो.

त्या आवाजाचीच तर ही गोष्ट आहे.

मालनबाई बहिऱ्या आहेत, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. जिन्यात कुणी भेटलं की त्याच आधी सांगायच्या, "माका ऐकाक येणा नाय हां, जरा मोठ्यान बोला." त्यांच्या घरचा टीव्ही खालच्या पानवाल्यापर्यंत ऐकू जायचा. शेजारच्या शांतामावशींनी स्वतःचा टीव्ही घेतलाच नाही. म्हणायच्या, "मालनच्या टीव्हीत माझं भागतं. चित्र काय, तीच ती तोंडं."

पण दुपारी घरात कुणी नसताना मालनबाई मालिका लावायच्या तेव्हा पडद्यावरच्या हिरव्या काड्या आठावर असायच्या. आठावर, आणि शब्द न् शब्द कळायचा. मागच्या बाजूला भाजीवाला ओरडला की चौथ्या मजल्यावर ऐकून खिडकीत जायच्या. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली, की त्यांचा अंगठा माझ्या आवाजाच्या बटणावर यायचा. काड्या वाढत वाढत चाळीसला जायच्या. मग दार उघडायचं आणि कुशाबा आत यायचे.

कुशाबा म्हणजे त्यांचे यजमान. तरुणपणी गिरणीत मागावर होते. तिथं इतका खडखडाट असायचा की बोलून उपयोग नसे. माणसं एकमेकांचे ओठ बघून आणि हात हलवून बोलायची. गिरणी बंद झाली तोवर कुशाबांचे कान बरेचसे तिथंच राहून गेले होते. त्यानंतर त्यांनी परळला एका बिल्डिंगीत वॉचमनची नोकरी धरली. ज्याला ऐकू येत नाही असा वॉचमन कोण ठेवील?

म्हणून घरातलं बहिरेपण मालनबाईंनी आपल्या नावावर करून घेतलं. चाळीस काड्या त्यांच्या नावावर. मोठ्यानं बोलणं, हातवारे करून चहा विचारणं, सगळं त्यांच्या नावावर. कप धरल्यासारखी मूठ करून तोंडाशी नेली की चहा. तळहातावर दोन बोटं चालवली की बाजारात जाऊन येते. बायका त्यांच्यासमोर खुशाल एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, बहिरी बाई काय ऐकणार म्हणून. रात्री जेवताना मालनबाई त्या सगळ्या कुशाबांना ओठांनी, आवाज न काढता, सांगायच्या. कुशाबा इतके हसायचे की ताटातली आमटी हलायची.

मला सगळं माहीत होतं. पण मी सांगणार कुणाला? माझं बोलणं फक्त टीव्हीला कळतं.

त्यांचा मुलगा दीपक. लहानपणी माझी तलवार करून दिवाणावर उड्या मारायचा. मोठा झाला, कंपनीत लागला, आणि माझ्या वाटेला जाईनासा झाला. जे बघायचं ते मोबाइलवर, कानात दोन पांढरे खडे घालून. आई चार हाका मारायची, हा ढिम्म. पण त्याला कुणी बहिरा म्हणत नाही. कानात काही घालून ऐकू आलं नाही तर ते काम, न घालता ऐकू आलं नाही तर आजार, असं काहीसं असावं.

गेल्याच्या आदल्या श्रावणात मालनबाई गेल्या. सकाळी फुलं आणायला उतरल्या त्या परत वर आल्या नाहीत.

दीपकचं लग्न ठरलेलं होतं. वर्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं सगळे म्हणाले. म्हणून दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये बँडबाजा न लावता लग्न झालं, आणि दीपकची बायको, पूर्वी, या घरात आली. रडून झालेल्या, पण अजून कुणी नीट बोलत नसलेल्या घरात नवी नवरी. तीही मुळातच कमी बोलणारी. बरीच सोय झाली सगळ्यांची.

कुशाबा आता दिवसभर दिवाणावर बसायचे. नोकरी कधीच सुटली होती. बसले की पहिल्यांदा मला उचलायचे, हात लांब करून बॅटरीसारखा टीव्हीवर रोखायचे, आणि हिरव्या काड्या चाळीसपर्यंत न्यायचे. नेऊन झालं की मला मांडीशी ठेवायचे. मग काय लागलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नसायचं. मालिका, बातम्या, तेल विकणारा माणूस, सगळं सारखंच बघायचे. मला त्यांचं ते बघणं ओळखीचं वाटायचं. त्यांनाही कुणीतरी पिशवीत घालून वरून रबर लावलं असावं.

दीपकचं काम घरून चालायचं, त्याच खोलीत, खुर्ची फिरवून. "बाबा, आवाज," असं तो लॅपटॉपकडे बघत म्हणायचा. कुशाबा हलायचे नाहीत. एकदा ऐन मीटिंगमध्ये मालिकेतली सासू हंबरडा फोडून रडली, तर पलीकडच्या साहेबानं विचारलं, "दीपक, घरी सगळं ठीक ना?" दीपकनं उठून काड्या पाचवर आणल्या. कुशाबांनी त्या परत चाळीसवर नेल्या. पुन्हा पाच, पुन्हा चाळीस. बापलेकांचं तेवढंच बोलणं व्हायचं, आणि तेही माझ्यामार्फत.

"डोकं चालत नाहीये बाबांचं," दीपक एकदा जेवताना पूर्वीला म्हणाला. कुशाबा शेजारीच बसले होते. "विचारलं तर उत्तर नाही. आई होती तेव्हा ती बहिरी, पण हे तरी बोलायचे. दिवाळी झाली की गावी काकाकडे सोडून येतो. तिथं मोकळी जागा आहे, लक्ष द्यायला माणसं आहेत."

"त्यांना विचारलंत?"

"विचारतो ना." त्यानं मोबाइलमध्ये बघत मान खाली घालूनच विचारलं, "बाबा, गावाला जायचं का राहायला?"

कुशाबांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"बघ," दीपक म्हणाला. आणि त्याच मोबाइलवर त्यानं गाडीची तिकिटं काढली. जायची दोन, यायचं एक.

पूर्वी मात्र त्या दिवसापासून बघायला लागली. मी दिवाणावरून तिला बघत होतो आणि ती कुशाबांना.

दुसऱ्या दिवशी दीपक ऑफिसला गेला होता. टीव्ही चाळीसवर. आत कुकरनं शिट्ट्यांवर शिट्ट्या केल्या, कुशाबांची पापणी लवली नाही. पूर्वी दाराशी आली. सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलायची तिला अजून लाज वाटायची, म्हणून तिनं नुसती मूठ तोंडाशी नेऊन चहाची खूण केली.

कुशाबा ताठ झाले. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली.

चहा देऊन झाल्यावर पूर्वी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, घराला आग लागलीय." कुशाबांनी बशीत चहा ओतला. मग ती पुढे आली, समोर बसली, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "उद्यापासून कॉफी करू?"

"कॉफी मी कधी प्यालो गे?" कुशाबा म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की शांतामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी दीपक आला, कानात खडे घालूनच. पूर्वीनं ते काढून घेतले आणि चहाच्या वेळचं सगळं सांगितलं.

"तुझंच बरं ऐकतात ते," तो म्हणाला.

"ऐकत नाहीत. बघतात."

"अगं, बहिरी आई होती. बाबा वॉचमन होते. सोळा वर्षं नोकरी केलीय त्यांनी."

"आम्ही घर बघायला आलो होतो, आठवतं?" पूर्वी म्हणाली. "मी स्वयंपाकघरात माझ्या आईच्या कानात म्हटलं, ओटा किती छोटा आहे. तुमच्या आई बाहेर पोह्यांवर खोबरं घालत होत्या. निघताना माझा हात धरून हळूच म्हणाल्या, ओट्याची सवय होते हो. मला वाटलं, सहज म्हणाल्या असतील."

दीपक उभाच राहिला. मग टीव्ही आणि कुशाबा यांच्यामध्ये जाऊन, लहानपणी बसायचा तसा, जमिनीवर बसला. मोबाइल उलटा ठेवला. खूप दिवसांनी त्यानं बापाकडे तोंड केलं होतं.

"बाबा, ऐकू येत नाही तुम्हाला?"

कुशाबांनी त्याचे ओठ वाचले आणि नजर माझ्यावर आणली.

"तिनं सांगितलेलं, कुणाला बोलू नको, नोकरी जाईल," ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते समजत नाही, त्यामुळे ही गोष्ट चारही मजल्यांनी ऐकली. "नोकरी सुटली तेव्हा म्हटलं, आता सांगूया. तर म्हणाली, आता काय, मी बहिरी म्हणून प्रसिद्ध झालेय. राहूदे."

दारातून शांतामावशींचा आवाज आला. "म्हणजे मालनला सगळं ऐकू येत होतं?" त्या आत डोकावल्या. "सगळं?" त्या पुन्हा म्हणाल्या आणि उंबऱ्यावरच टेकल्या. इतक्या वर्षांत काय काय बोललो, ते आठवत असाव्यात.

"मग एवढा मोठा आवाज कशाला हवा तुम्हाला?" दीपकनं विचारलं. ओरडून नाही, सावकाश, ओठ नीट हलवून.

"आवाज कुठं हवाय? मला चाळीसलाही ऐकू येत नाही आता," कुशाबा म्हणाले. "पण ती शेजारी बसली की त्या हिरव्या काड्या अशा चढत जायच्या. एक, एक, एक. त्या चढल्या म्हणजे ती बसलीय."

दीपकनं मान खाली घातली. पूर्वी आत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, भांडी मात्र काही नव्हती. मी माझ्या पिशवीत होतो तसाच होतो.

तिकिटं त्यानं त्याच रात्री रद्द केली.

आता तीन महिने झालेत. कानाचं मशीन घेऊया, असं दीपक दर रविवारी समोर बसून म्हणतो. "बघू," म्हणतात कुशाबा. गावाचा विषय निघत नाही. मोबाइल मात्र जेवताना उलटा असतो. अधूनमधून सुलटाही होतो. सवयी एका दिवसात जात नाहीत.

आवाजाचा प्रश्न पूर्वीनं सोडवला. दीपकचे वायरवाले जुने इअरफोन ड्रॉवरात पडून होते. तिनं त्यांची पिन टीव्हीच्या कुशीतल्या भोकात बसवली. आता सगळा आरडाओरडा त्या वायरीत जातो. वायर टीव्हीमागे लोंबकळत असते आणि जवळ गेलं तर त्यातून डास गुणगुणल्यासारखं येतं, बस्स. कुशाबा बसले की मला उचलतात, रोखतात. काड्या चढतात, चाळीसला जाऊन थांबतात. घरात चिडीचूप. पहिल्या दिवशी शांतामावशी विचारायला आल्या होत्या, टीव्ही बिघडला काय. मालिकेत पुढे काय झालं ते त्यांना आता पूर्वी सांगते.

तर माझी ही अशी हकिगत. नवीन टीव्हीचं बोलणं चालू आहे, त्याच्या रिमोटशी नुसतं बोललं तरी चालतं म्हणे. येऊ दे. माझी तक्रार नाही, मला तसं काही वाटतच नाही. फक्त एक सांगायचं होतं.

परवा साफसफाई करताना पूर्वीनं माझं रबर काढलं. पिशवी काढून मला पुसणार होती. मग तिनं मला उजेडात धरलं. पिशवी सगळीकडे पिवळी पडलीय, पण आवाज वाढवायच्या बटणावर एक पांढुरका, खोलगट डाग आहे. एका अंगठ्याएवढा. पूर्वीनं आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. तिचा अंगठा मोठा भरला, मालनबाईंचा लहानखुरा होता.

तिनं रबर परत लावलं.

मला हवं तेव्हा अडगळीत टाका. आधी सेल तेवढे काढा, नाहीतर ते आतल्या आत पाझरतात. पण पिशवी राहू द्या.