लेबल नसलेली फ्लॉपी

"शनिवारपर्यंत करून देते," लोवेना म्हणाली, आणि एवढ्यावर न थांबता, "शनिवार म्हणजे फारच झालं. शुक्रवारीच होईल."

शहात्तर वर्षांच्या आजारी बाईला असा शब्द द्यायचा नसतो. पण सोळा वर्षांची लोवेना ट्रेंबाथ त्या दिवसांत जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होती. गेल्या महिन्यात तिने शाळेच्या ग्रंथालयातले सहा मेलेले कॉम्प्युटर उठवले होते, मुख्याध्यापिकेने भर सभेत तिचं नाव घेतलं होतं, आणि पोलगूना गावात ज्याचा म्हणून प्रिंटर अडेल तो ट्रेंबाथांच्या दारात उभा राहत होता.

"हळू, हळू," पॉप म्हणाले. पॉप म्हणजे तिचे आजोबा. "पोरगी माझ्यावर गेली असती तर इतकं बोलली नसती, एल्वा."

एल्वा नॅन्किव्हेल हसल्या आणि हसता हसता खोकू लागल्या. त्यांच्या नाकात नळी होती आणि पायाशी चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं. पुढच्या महिन्यात सुरू होणारा वसंत दिसेल की नाही, डॉक्टर सांगायला तयार नव्हते. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "शनिवारी नऊ ऑगस्ट आहे, पोरी. त्याची तारीख. तेवढं जमव."

त्याची म्हणजे त्यांच्या बाळाची. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी अठराव्या वर्षी एल्वाला मुलगा झाला, तो रडलाच नाही. नर्सने टॉवेलात गुंडाळून नेला तो नेलाच. दाखवला नाही, नाव ठेवू दिलं नाही, कुठे पुरला ते सांगितलं नाही. "घरी जा, दुसरं होईल," एवढंच. दुसरं झालं नाही. जन्मभर एल्वा धरून चालल्या की दवाखान्याने त्याला कचऱ्याबरोबर जाळलं.

या जूनमध्ये त्यांनी ते पॉपजवळ बोलून दाखवलं, आणि पॉपनी हातातला कप खाली ठेवला. "जाळलं नाही गं कोणालाच," ते म्हणाले. "माझे वडील जाऊन घेऊन यायचे त्यांना."

पोलगूनाची दफनभूमी आधी पॉपच्या वडिलांनी सांभाळली आणि नंतर पॉपनी. दवाखान्यातून निरोप आला की थोरले ट्रेंबाथ सायकलवरून जायचे आणि खोकं घेऊन यायचे. वेगळी कबर खणायला परवानगी नव्हती. मग त्या आठवड्यात ज्या कोणाची मोठी कबर खणली जायची, तिच्या पायथ्याशी आणखी हातभर खोल जाऊन ते बाळाला ठेवायचे. एकटं नको, कोणीतरी मोठं माणूस जवळ असावं, असं त्यांचं म्हणणं. मेट्रनने कुठे लिहायचं नाही अशी ताकीद दिली होती. ते पेन्सिलीने लिहायचेच.

"मग कोणाच्या जवळ आहे माझा?" एल्वांनी तेव्हा विचारलं होतं.

"लिहिलेलं आहे. मशीन चालू होऊ दे, मी दाखवतो."

आणि तिथेच घोडं अडलं होतं. वीस वर्षांपूर्वी पॉपनी सगळ्या नोंदवह्या कॉम्प्युटरवर चढवल्या आणि बुरशी लागलेल्या वह्या परसात जाळून टाकल्या. तो कॉम्प्युटर मागच्या शेडमध्ये धूळ खात होता. मे महिन्यात त्याचं बोर्ड कायमचं गेलं.

"नवा घ्यायचा आणि डिस्क त्यात घालायची. हाय काय नि नाय काय," लोवेना म्हणाली होती.

होतं ना! दफनभूमीचा तो प्रोग्राम त्याच्या जुन्या यंत्रणेखेरीज कुठे चालत नव्हता, आणि वर प्रिंटरच्या रुंद खाचेत कंपनीने दिलेली एक हिरवी, प्लगसारखी किल्ली खुपसल्याशिवाय उघडतही नव्हता. अशी खाच असलेलं एक मशीन तिला शाळेच्या भंगारात सापडलं. जुन्यापेक्षा ते दहा वर्षांनी नवं होतं. तिने जुन्या डिस्कची आधी एक नक्कल केली, मग दुसरी केली, मूळ डिस्क टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली. "मी काय वेडी आहे मूळ डिस्कवर हात चालवायला?" असं स्वतःलाच मोठ्याने म्हणाली. नक्कल नव्या मशीनमध्ये बसवली, बटण दाबलं.

निळा पडदा. त्यावर पांढऱ्या ओळी. की परत पहिल्यापासून.

सोमवारी निळा, मंगळवारी निळा, बुधवारी शाळेतून येऊन दप्तर न काढता बटण दाबलं तरी निळा.

"रागावलंय का ते?" पॉपनी दारातून विचारलं.

"रागावलं नाहीये, पॉप. त्याला डिस्कच दिसत नाहीये. म्हणजे बघ, यंत्रणा जुनी आहे. तिच्या वेळी डिस्कशी बोलायची पद्धत वेगळी होती. हे मशीन नव्या पद्धतीने बोलतं. ती उठते, म्हणते माझी डिस्क कुठे आहे, आणि डिस्क तिच्या नाकासमोर असून तिला ओळखू येत नाही. मग घाबरून पडते."

"माझंही दवाखान्यात तसंच झालं होतं," पॉप म्हणाले. "मग?"

"मग मध्ये दुभाष्या हवा. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मिळालाय मला, पण आत घालायचा कसा? ती फक्त एकाच वेळी विचारते, दुरुस्तीची सीडी चालू होताना. खाली एक ओळ येते, पाच सेकंद. तेवढ्यात ठरलेलं बटण दाबायचं. दाबलं की म्हणते, आण तुझी फ्लॉपी. फ्लॉपीच! पेनड्राइव्ह नको, सीडी नको. हट्टी म्हातारी आहे नुसती."

"म्हाताऱ्यांबद्दल जपून बोल," पॉप म्हणाले आणि डोळ्यात थेंब घालायला आत गेले. त्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि डोळ्यावर पट्टी बांधून ते घरभर आपटत फिरत होते.

गुरुवारी तिने मेलेल्या मशीनमधला फ्लॉपीचा खण उपटला आणि नव्यात बसवला. बोर्डावर त्याच्यासाठी जागा होती, ते बघून तिने शेडमध्ये गिरकी घेतली. आता एक कोरी फ्लॉपी. ती कुठून आणायची? पोलगूनात नाही, शेजारच्या गावातही नाही.

फळीवर पॉपचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत अकरा फ्लॉप्या होत्या. दहांवर पॉपच्या सुबक अक्षरात लेबलं होती: चर्चचं गायनमंडळ, बोलिंग क्लबची वर्गणी, पाण्याची बिलं. अकरावीवर काहीच नव्हतं.

पॉप झोपले होते. तिने ती फ्लॉपी आत घालून बघितली. एकच फाइल होती, नाव नुसतं एक अक्षर, आकार एवढासा. कसल्याशा जुन्या लिहायच्या प्रोग्रामची फाइल, सरळ उघडतही नव्हती. उघडायची तर आणखी पाच मिनिटं खटपट करावी लागली असती. घड्याळात साडेपाच झाले होते आणि परवा शनिवार होता.

नुसती पुसून भागलं असतं. पण लोवेनाला अर्धवट काम आवडायचं नाही. जुनी फ्लॉपी दगा देते म्हणून तिने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत खरवडून कोरी केली. खण बराच वेळ कुरकुरत राहिला. मग तिने तिच्यावर ड्रायव्हर चढवला.

शुक्रवारी संध्याकाळी सीडी घातली, ओळ आली, बटण दाबलं. आण तुझी फ्लॉपी. आणली. खण कुरकुरला. पडदा निळा झाला, पण हा निळा वेगळा होता, आणि त्यावर डिस्कचं नाव होतं. म्हातारीला तिची डिस्क दिसली होती!

"पॉप!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरच्या तारेवरचे मॅगपाय पक्षी उडाले. "पॉप, ये लवकर, तिला दिसली!"

पट्टी कालच निघाली होती. पॉप लाल डोळ्याने खुर्चीत बसले. तासाभरात हिरवी किल्ली चालली, प्रोग्राम उघडला आणि शंभर वर्षांचं पोलगूना रांगेने पडद्यावर उभं राहिलं. पॉपनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लोवेनाला वाटलं, मुख्याध्यापिका गेली उडत, बक्षीस ते हेच.

"आता शोधू?" ती म्हणाली. "नॅन्किव्हेल टाकू?"

"त्यात नाही मिळायचा. ज्याला नाव नाही त्याला तो प्रोग्राम आत घेत नव्हता. मी सगळे उपाय करून बघितले होते तेव्हा." पॉप उठले आणि फळीवरचा डबा घेऊन आले. "एकतीस बाळं. वडिलांच्या वहीच्या शेवटच्या पानावरून मी वेगळी यादी केली. ती उघडायलाही हेच मशीन लागतं, म्हणून तर थांबलो. कोणाला दाखवायची नव्हती. नाव तरी काय लिहिणार वर? म्हणून लेबल लावलंच नाही."

ते बोटांनी फ्लॉप्या मोजू लागले. एकदा मोजल्या. डबा उजेडात धरून परत मोजल्या.

"दहाच कशा?" ते म्हणाले. "लोवेना, माझे डोळे बघ जरा. दहाच आहेत का?"

लोवेनाने खणाकडे बघितलं. फ्लॉपी अजून आतच होती, काठ बाहेर डोकावत होता.

तिने सांगितलं. काही लपवलं नाही, फाइल दिसली होती हेही सांगितलं. पॉप ऐकत राहिले. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि एवढंच म्हणाले, "परत येईल?"

रात्रभर तिने आणायचा प्रयत्न केला. दुसऱ्या कोणाची चूक असती तर अर्धवट कामामुळे काहीतरी उरलं असतं. तिने केलेली चूक पुरती होती.

सकाळी ती एकटीच एल्वांकडे गेली. पॉप येतो म्हणाले तर तिने नको म्हटलं.

स्वयंपाकघरात पेस्टींचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मोठ्या तिखट करंज्यांचा, वास भरला होता, सलगम आणि मिरीचा. पोलगूनात घरोघर जशी करतात तशी एल्वांनी प्रत्येक पेस्टीच्या कोपऱ्यात खाणाऱ्याचं अक्षर कोरलं होतं, कोणाची कुठली ते कळावं म्हणून. पॉपची, लोवेनाची, त्यांची स्वतःची. आणि बाजूला एक तळहाताएवढी छोटी पेस्टी, कोपरा कोरा.

"ही दर वर्षी करते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मीच खात आले. आज त्याला नेऊन देऊ. झालं ना मशीन?"

"झालं," लोवेना म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

नळीतून हवा सुस् सुस् करत राहिली.

"तू उघडून का नाही बघितलीस?"

"घाई होती. आणि... वर काहीच लिहिलं नव्हतं."

"त्याच्यावर कोणी कधी काही लिहिलंच नाही," एल्वा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्यावर रागावले नाही असं म्हटलं तर खोटं होईल. रागावलेय. तुझे पॉप म्हणतील पोर लहान आहे. मीही लहानच होते तेव्हा."

लोवेनाचं रडू आता बांध फोडत होतं, पण आपलं रडणं या बाईला आवरायला लावणं बरं नाही, इतकं तिला कळलं. तिने खिशातून कागद काढला. "मशीनमध्ये तुमचा मुलगा नाही. पण त्या आठवड्यात खणलेल्या कबरी आहेत. तीन. या तिघांपैकी कोणाच्या तरी पायथ्याशी तो आहे. कुठल्या ते नाही सांगता येत. यादीत होतं. माझ्यामुळे..."

"वाच."

"जेबेझ ऑडी, खाणकामगार, एकोणऐंशी. मिस हेप्झिबा रून्हार, शिवणकाम करायच्या. आणि क्लेमेंट बॉल्च, रेल्वेत होता, चोवीस वर्षांचा."

"मिस रून्हारने माझा लग्नातला झगा शिवला होता," एल्वा हळूच म्हणाल्या. "चल. चाकांची खुर्ची काढ."

दफनभूमीत सावरसॉब नावाच्या तणाची पिवळी फुलं माजली होती. पॉप फाटकाशी उभे होते, टोपी हातात. तिन्ही कबरी तीन टोकांना. लोवेना खुर्ची ढकलत होती, पॉप नळकांडं ओढत होते, आणि खडीत दोन्हींची चाकं रुतत होती.

जेबेझ ऑडीच्या पायथ्याशी एल्वांनी छोट्या पेस्टीचा एक तुकडा मोडून ठेवला. रेल्वेतल्या क्लेमेंटपाशी दुसरा. मिस रून्हारपाशी त्या सर्वांत जास्त वेळ थांबल्या. "इथे असेल तर बरं," म्हणाल्या. "तिचा हात हलका होता." पण तुकडा तिथेही तेवढाच ठेवला.

हातात कोरा कोपरा उरला. एल्वांनी तिन्ही दिशांना बघितलं.

"मी गेल्यावर तो आहे त्याच जागी तू मला ठेवावंस असं मनात होतं, मर्व्ह," त्या पॉपना म्हणाल्या. "आता मला कुठे ठेवशील?"

पॉपनी फुलांमधून नजर फिरवली, मोजल्यासारखी. "तिन्हींपासून सारखं अंतर असेल अशी एक जागा आहे," ते म्हणाले. "पण ती वाटेत येते."

"येऊ दे. लोकांना वळसा घालू दे."

आणि तो कोपरा त्यांनी रुमालात बांधून पर्समध्ये टाकला.

चौदा दिवसांनी एल्वांच्या कबरीसाठी पॉपनी वाट वळवली. त्या संध्याकाळी लोवेना शेडमध्ये बसली आणि जुन्या यंत्रणेत एल्वांची नोंद करू लागली. प्रोग्रामने नाव घेतलं, तारीख घेतली. मग तिने खाली आणखी एक ओळ उघडली, नावाची जागा रिकामी ठेवली आणि बटण दाबलं. प्रोग्रामने ती ओळ नाकारली. तिने परत दाबलं.