गंधकाला गिऱ्हाईक

जमिनीतल्या वाफेवर वीज केली की मागे गंधक उरतो, आणि त्या गंधकाला गिऱ्हाईक शोधताना वीज कारखान्यातल्या इझोलिनाच्या नाकी नऊ आले होते. कागदवाला म्हणाला, रंग मळकट. खतवाला म्हणाला, माल थोडा. साहेबांनी तर सांगूनच टाकलं होतं, वेलींवर रोग पडू नये म्हणून गंधक मारणाऱ्या द्राक्षवाल्यांनीही आता नको म्हटलं, तर सगळा ढीग खालच्या घळीत पुरायचा. घळ कारखान्याची, पण तिथली चेस्टनटची झाडं इझोलिनाच्या आजोबांनी लावलेली. बापाला, ओरेस्तेला, हे सांगितलं तर म्हणाला, "घाण तुमची, तुम्हीच निस्तरा!" आता काय करावं अशा माणसाला?

शेवटी द्राक्ष सोसायटीच्या झेलिंदाबाई आल्या. माल बघायला इझोलिनाने त्यांना बापाच्याच द्राक्षमळ्यात बोलावलं होतं. पोतं उघडताच बाईंनी रुमाल नाकाला लावला.

"अगंबाई, हा वास!"

"कसला वास?" इझोलिनाने अगदी मनापासून विचारलं. जन्म त्या वाफेत गेलेला. तिच्या नाकाला कळणार कसं?

"कसला म्हणजे? सडक्या अंड्यांचा! आमची वाइन कोण पिणार?"

"चार दिवस उन्हात ठेवला की जातो हो!"

बाई ओरेस्तेकडे वळल्या. "तुम्ही मारता का वेलींवर लेकीचा गंधक?"

इझोलिनाने कपाळावर हात मारला.

"नाही," ओरेस्ते म्हणाला. "मी बाजारातला आणतो."

"घ्या! बापाला नको आणि मला विकता?" बाई तरातरा गाडीकडे निघाल्या.

इझोलिना भडकली. "बाबा, एक शब्द गोड बोलला असतात तर जीभ झडली असती? आता आजोबांची झाडं गाडतील, तेव्हा बसा रडत!"

म्हातारा धुसफुसला. मग त्याने पोत्यात हात घातला आणि मूठभर भुकटी पहिल्या वेलीवर उधळली. मग दुसऱ्या.

"थांबा हो बाई! आजपासून हाच मारणार."

"आणि वास?"

"वासाचं मला काय सांगता? रोज संध्याकाळी हाच वास दारातून आत येतो, तेव्हा मला कळतं, पोरगी घरी आली."

झेलिंदाबाईंनी रुमाल खाली घेतला. "तुमच्यासारखं खडूस नाक चालवून घेतंय, तर आमच्या सोसायटीला काय धाड भरलीय! पाठवा सगळा."

इझोलिनाने हळूच आपली बाही नाकाशी नेली. तिला काहीच वास आला नाही.