ऐकवले, मान्य

आमच्या न्यायालयात माणूस जे बोलतो ते जसंच्या तसं कागदावर येत नाही. न्यायाधीश ते स्वतःच्या शब्दांत ध्वनिमुद्रण यंत्रात सांगतात, मग समोरच्याला विचारतात, "बरोबर?" तो मान हलवतो. मी टाइप करते आणि खाली लिहिते: ऐकवले, मान्य. बावीस वर्षं हेच चाललंय. आमच्या बोलण्यातले डोख, हाल्ट, माल, म्हणजे की, ना, हो असले बारके शब्द, ज्यांत माणूस चिडतो, विनवतो, हात टेकतो, ते साहेबांच्या तोंडून कधी येत नाहीत. मला त्याचं काही वाटत नसे. टायपिंग कमी, तेवढाच खडीसाखरेचा चहा निवांत.

मग विब्के आली. मासळीच्या कारखान्यात पहाटेची पाळी, पदरात सहा वर्षांचा एन्नो, नवरा कधीचाच परागंदा. पोरगा दोनदा घरी एकटा सापडला होता, म्हणून बालकल्याण खात्याचा माणूस फाईल उघडून बसलेला. न्यायाधीश ब्रुगेमानसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "पहाटे चारला मुलाजवळ कोण असतं?"

"कोण असणार? सांगितलं की हो! पाळी बदलून मागितली, देत नाहीत. मी काय करू? न्या ना मग त्याला! तुम्हीच न्या की!"

ती ओक्साबोक्शी रडत होती. साहेबांनी शांतपणे यंत्र तोंडाजवळ धरलं. "मुलाला अन्यत्र ठेवण्यास आईची हरकत नाही. बरोबर?"

विब्केने मान हलवली. इथे हलवतातच. साहेब शुद्ध भाषेत बोलले की आमचा माणूस वर्गात बसल्यासारखा सरळ होतो. साहेब म्हणतात म्हणजे आपण तसंच म्हणालो असू, असं त्याला वाटतं. माझी बोटं थबकली. पण थबकलेली बोटं कुणाला दिसतात? मी टाइप केलं: ऐकवले, मान्य.

एन्नोला परक्या घरी नेल्याला आठ दिवस झाले, तेव्हा ती माझ्या खिडकीशी आली. हातात चुरगळलेला आदेश.

"ओल्टमान्सबाई, हरकत नाही असं मी कधी म्हटलं हो?"

"अपील करा. महिन्याची मुदत आहे. लेखी द्या."

तिने तिथेच उभ्याने लिहिलं. मी वाचलं: मुलाचा ताबा परत मिळावा, ही विनंती. बस्स. रडणारा एकही शब्द नाही. या वेळी ते बारके शब्द तिने स्वतःच गाळले होते.

"एवढंच?"

"कागदावर असंच लिहितात ना?" तिने काचेला कपाळ टेकलं. "तो तिथे जेवत नाहीये, बाई. तुम्ही होतात तिथे. मी कशी म्हणाले ते ऐकलंत. वरच्या न्यायालयात सांगाल ना?"

मागे साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. माझ्या पेन्शनला तीन वर्षं उरलेली. हो म्हणायला तोंड उघडलं, दाराकडे बघितलं आणि मिटलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी नुसती मान हलवली.

विब्केने काचेवरचं कपाळ उचललं.

"मान नका हो हलवू," ती म्हणाली. "मी मानच हलवली होती."