मंग घेतो

लग्नात आंधळगावच्या बायांनी नवरदेवाला दारातच अडवलं होतं. नवरीचं नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही म्हणून हटून बसल्या. घनश्याम घामाघूम झाला, "मंग घेतो," म्हणाला आणि एका करवलीच्या हाताखालून वाकून आत पळाला. ते 'मंग' काही उगवलं नाही. पोरी नांदायला गेल्या, डोकी पांढरी झाली, तरी रुखमिणी त्याच्या तोंडी "आइकून राहिली का वो?" एवढीच राहिली.

आवाज मात्र काय होता माणसाचा! शेताजवळच्या लहान तळ्याच्या, त्यांच्या बोडीच्या, पाळीवर उभा राहून "वोऽऽ" अशी हाक द्यायचा, तेव्हा पलीकडच्या भाताच्या बांधीतले बैलही मान वळवायचे. शिदोरीला उशीर झाला हे साऱ्या गावाला कळायचं. दर पोळ्याला ती चिडवायची, "मंग कधी घेता जी?" तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

मग त्याचा घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, शेवटी नागपूर गाठलं. स्वरयंत्रात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

"आन् जीव?" रुखमिणीनं विचारलं.

गाठीचा तुकडा आणखी एका तपासणीला पाठवलाय, डॉक्टर म्हणाले. शरीरातल्या लढणाऱ्या पेशी गाठीत शिरल्यात की बाहेरच थबकल्यात, ते त्यात दिसतं. आजार पुन्हा उलटण्याची भीती किती, याचा त्यावरून अंदाज बांधता येतो.

घरी आल्यावर तिचं मन भलत्याच ठिकाणी अडकलं. आवाज जायच्या आधी एकदा तरी त्यानं आपलं नाव घ्यावं. नवऱ्याच्या जिवावर बेतलंय आणि हिला हौस सुचतेय! तिची तिलाच लाज वाटली. हौस गेली नाही ती नाहीच.

रिपोर्टचा फोन तिच्या दिरानं, भैय्याजीनं घेतला. ऐकता ऐकता तो उंबऱ्यावर बसला.

"वहिनी, पॉझिटिव्ह आला."

या शब्दाशी त्या घराची ओळख कोरोनातली. शेजारच्या केवळरामचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्याला गाडीत घालून नेलं आणि तो परत आलाच नाही. पुढचं कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

घनश्याम उठला. फाटक्या आवाजात म्हणाला, "जाऊनच राहिलो, तं मंग गळा कायले कापू? आवाजासंगंच जातो. येत नाही म्हनून सांगून दे त्याइले."

रुखमिणीनं हातापाया पडून पाहिलं. त्यानं दुपट्टा खांद्यावर टाकला आणि बोडीकडे चालू लागला. ती अंगणातच डोळ्याला पदर लावून उभी राहिली. थोड्या वेळानं पाळीवरून हाक आली. जुना जोर नव्हता, मधेच चिरकली, पण हाक त्याचीच.

"रुखमिणीऽऽ!"

बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायांचे हात थांबले. ती साडी सावरत धावत सुटली. त्याच्यापुढे पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"काहून जी? आताच काहून?"

"मंग मंग म्हनत होतो," तो म्हणाला. "आता मंग कुठं हाय?"

तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि तिथंच रडायला बसली. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं, आणि तिला ते परत करून टाकावंसं वाटत होतं.

तेवढ्यात पाळीवरून भैय्याजी पळत आला, एका पायात चप्पल, हातात फोन. "भाऊ, येत नाही म्हनून सांगतलं, तं डॉक्टर लय रागावला माह्यावर! पॉझिटिव्ह म्हंजे चांगलं हाय म्हंते!"

फोनमधून डॉक्टर बोलतच होते. "अहो, तो कोरोनाचा पॉझिटिव्ह वेगळा! यांच्या गाठीत लढणाऱ्या पेशी भरपूर शिरल्यात. अशा पेशंटचं पुढे बरं चालतं. खात्री नाही देत मी, पण ऑपरेशन टाळू नका."

घनश्याम ओशाळून पायाखालच्या मातीकडे बघत राहिला. "उगाच घेतलं नाव," तो पुटपुटला.

"घेतलं ते घेतलं," रुखमिणी डोळे पुसत म्हणाली. "आता वापस नाही भेटत."

ऑपरेशन झालं. पुढच्या पावसाळ्यात भाताच्या लावणीचा रोवणा आला तेव्हा घनश्याम गळ्यातल्या श्वासाच्या भोकावर पांढरं फडकं बांधून बांधावर उभा होता. तपासण्या आतापर्यंत ठीक निघाल्या होत्या. रुखमिणी रोज देवापुढे हात जोडायची. तरी दुपार झाली की चिखलात वाकल्या वाकल्या तिचा कान पाळीकडे जायचा. माणूस डोळ्यांपुढे होता आणि तिला त्याची आठवण येत होती.

एके दिवशी जेवायची वेळ झाली आणि हा पलीकडच्या बांधावर पाठमोरा. आजवर हाक त्यानं मारायची आणि हिनं जायचं. नवऱ्याचं नाव चारचौघींत कोण घेतं? रुखमिणी ताठ उभी राहिली आणि चिखलाचे हात तोंडाशी धरून ओरडली, "घनश्याऽऽम!"

बायांच्या हातातले भाताच्या रोपांचे पऱ्हे हातातच राहिले. तो वळला. सवयीनं हाक द्यायला तोंडाशी हात नेला, खाली घेतला, आणि त्याचे ओठ हलले.

"काय म्हंते वो भाऊजी?" शेजारच्या चंदानं डोळे बारीक करून विचारलं. "काईच आयकू नाही येत."

"माह्यं नाव घेऊन राहिले," रुखमिणी म्हणाली.