बिनडोळ्यांचे बेचाळीस शर्ट

मी काळ्या रंगाचा, छपाईचा स्क्रीन बोलतोय. जरा हळू बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाशी थर्सडे बेट आहे, तिथं ओबेडची पत्र्याची शेड आहे. तिथं शर्ट छापतात. आम्ही चार भाऊ: पिवळा, तांबडा, निळा आणि मी. चौघांनी पाळीपाळीनं एकाच शर्टावर उतरायचं, तेव्हा कुठं चित्र पुरं होतं. मी सगळ्यांत शेवटी.

माझी चौकट चर्चमधल्या मोडक्या बाकाच्या लाकडाची. ओबेडनं तिला रंधा मारला आणि तिच्यावर बारीक जाळी ढोलकीसारखी ताणली. त्या जाळीला हिरवा लेप देतात, त्यावर चित्राची फिल्म ठेवतात आणि दिवा लावतात. उजेड लागतो तिथं लेप घट्ट होतो. चित्र काळं असतं तिथं उजेड पोचत नाही, तिथला लेप पाण्यानं वाहून जातो. मग त्या उघड्या जागेतून शाई खाली उतरते. म्हणजे माणसाच्या डोळ्यांतली बाहुली माझ्यात नुसतं भोक असते.

मी पुष्कळ चित्रं वागवली. फुटबॉलच्या संघांची, लग्नांची, कासवांची. आणि गेलेल्या माणसांची. छातीवर गेलेला माणूस घेऊन जिवंत माणसं नाचतात, जेवतात, त्याच्याच तोंडाला घाम पुसतात. मला त्याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही.

आमच्याकडे माणूस पुरला म्हणजे काम संपलं असं नसतं. वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या नावाचा दगड बसवतात, कापडांनी झाकतात, आणि सगळं गणगोत जमलं की उघडतात. दगड उघडला की माणूस गेला. तोवर तो घुटमळत राहतो. हे सारं काम मेव्हण्यांनी करायचं. रक्ताच्या माणसांनी हात लावायचा नाही.

ओबेडचा मेव्हणा एलाय शेवंडं धरायला होडी घेऊन गेला होता. होडी सापडली. तिच्यात त्याच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या. एलाय काही सापडला नाही. याला दोन वर्षं झाली. घरच्यांनी त्याच्या नावाचा दगड बसवला, तो उघडायचा दिवस ठरवला आणि एलायचा हसरा फोटो ओबेडकडे आला. चार रंगांत, बेचाळीस शर्ट.

पिवळा झाला, तांबडा झाला, निळा झाला. ओबेडनं माझ्यावर काळी शाई घेतली, तेवढ्यात शेडच्या दारात डल्सी उभी राहिली. एलायची आई, ओबेडची सासू.

“थांब,” ती म्हणाली. “ते काळं कशाला?”

“आई, काळ्याशिवाय डोळे कसे येतील? भुवया, केस, सगळं काळ्यातच आहे.”

“मग नकोत डोळे. डोळे आले की त्याला आपला दगड दिसेल. दिसला की तो यायचा नाही.”

“आई, दोन वर्षं झाली.”

“माझ्या बापाला प्रवाहानं नेलं होतं. नवव्या दिवशी चालत घरी आला आणि म्हणाला, मला जेवायला वाढा. तू मला दिवस शिकवू नकोस, जावईबापू.”

ओबेडची बायको एटी मागून आली. “आई, बिनडोळ्यांचे शर्ट घालून लोक नाचायचे का? बडू बेटावरची माणसं काय म्हणतील?”

“बडूच्या माणसांना म्हणावं, तुम्हाला तरी कुठं दिसतंय,” डल्सी म्हणाली.

ओबेडनं शाई खरवडून पुन्हा डब्यात भरली. मला धुतलं आणि पश्चिमेच्या खिडकीत उभं केलं. शर्ट छापायच्या फळ्यांवर बसवलेले होते, ते त्यानं उतरवले. शर्ट एकदा फळीवरून उतरला की पुन्हा तसाच बसत नाही. केसभर सरकला तरी डोळे गालावर जातात.

शर्ट दोरीवर टांगले. बेचाळीस चेहरे. गाल होते, ओठ होते, दात होते, आणि डोळ्यांच्या जागी नितळ पिवळट कातडी. वारा आला की सगळे एकदम हसत वर यायचे. एटी त्यांच्याखालून जाताना मान खाली घालायची. कुत्रं शेडमध्ये यायचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन खिडकीत आलं आणि माझ्यातून आत शिरलं. जिथं मी उघडा, तिथूनच ते गेलं. समोर जमिनीवर एलायचा चेहरा पडला. उलटा, म्हणजे अंधाराचा चेहरा आणि उजेडाचे डोळे. केस पेटल्यासारखे.

डल्सी तेव्हा ओबेडवर नजर ठेवायला आली होती. तिनं ते पाहिलं. ओरडली नाही. सिमेंटवर फतकल मारून बसली आणि म्हणाली, “आलास होय रे?”

मग ती रोज येऊ लागली. नारळाच्या दुधात शिजवलेला सुरण ताटलीत आणायची. चेहरा उन्हाबरोबर सरकायचा, तीही बसल्या बसल्या सरकायची. “होडीत चपला कशाला काढल्यास? पायाला खडक लागतात, किती वेळा सांगितलं.” असलंच बोलायची. ऊन उतरलं की चेहरा भिंतीवर चढायचा, लांब व्हायचा आणि विझायचा. ती ताटली तिथंच ठेवून जायची.

खरं सांगतो, तो नुसता उजेड होता. सुरुवातीला तरी. पुढं पुढं मात्र मला वाटायला लागलं की त्या भोकांतून ऊन एकटंच जात नाही. बाहेरून कुणीतरी माझ्या जाळीला डोळे लावून आत बघतंय. त्या जागी जाळी ओलसर व्हायची. ओबेड बोटानं पुसायचा, बोट जिभेला लावायचा, “खारट” म्हणायचा आणि कामाला लागायचा.

दगड उघडायला तीन दिवस उरले. केर्न्झ शहरातून माणसं आली, बडूहून होड्या आल्या. ओबेड सासूशेजारी जमिनीवर बसला.

“आई, एक विचारू? तो बसतो का कधी?”

“कुठं?”

“इथं. तुम्ही बसता, जेवण ठेवता. तो बसतो का, जेवतो का? मी रोज बघतो. तो नुसता सरकतो. दोन वर्षं तो असाच सरकत असेल, आई. पाण्यातही आणि इथंही. दमला असेल.”

डल्सीनं ताटली जरा पुढं सरकवली. मग म्हणाली, “एटीला मी तेव्हाच बजावलं होतं, या माणसाशी लग्न करू नकोस, याचे हात कायम डागाळलेले.”

“आहेतच.”

“शाई भरलीस की या भोकांतून ऊन येईल?”

ओबेडला खोटं बोलता येत नाही. “छापताना नाही येणार. धुतलं तर परत येईल.”

“धुऊ नकोस,” ती म्हणाली.

ती उठली आणि माझ्यासमोर, अगदी जवळ उभी राहिली. तिनं पांढरा झगा घातला होता. एलायचा चेहरा तिच्या छातीवर पडला. तिनं त्यावर दोन्ही हात ठेवले, तर तो तिच्या हातांवर आला. ती हात काढेना, तो हलेना. ऊन सरकत होतं, खिडकीची सावली सरकत होती, पण तो हलेना.

“बास झालं, बाळा,” ती म्हणाली. “आता बघ एकदाचं.”

तेव्हा तो विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओबेडनं छापायला घेतलं. डल्सी दाराबाहेर पाठमोरी बसली. एकेक शर्ट तो फळीवर अंदाजानं बसवायचा, मला खाली आणायचा आणि रबराची पट्टी ओढायचा. दाब नेहमी वरून येतो. त्या दिवशी तो खालूनही येत होता. प्रत्येक शर्टात कुणीतरी मान किंचित इकडे-तिकडे करायचं, नेमकं माझ्याखाली यायचं आणि थांबायचं. मग मी वर उठलो की ते डोळे उघडलेले असायचे.

बेचाळीस शर्ट झाले. एकाचेही डोळे सरकले नव्हते.

एटी म्हणाली, “हात बसला हो तुमचा!”

ओबेड शर्टांकडे बघत राहिला. “एटी, मी इतका चांगला कारागीर नाही.”

दगड उघडला. मी तिथं नव्हतो, पण ढोल ऐकले. नंतरच्या रविवारी डल्सी एलायच्या चेहऱ्याचा शर्ट घालून शेडमध्ये आली. आमच्या खिडकीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ताटली मागायला आली होती. ओबेडनं विचारलं, “आई, या चौकटीवरची जाळी काढून नवी ताणू का?”

“ताण की,” ती म्हणाली. “लाकूड चांगलं आहे.”

आणि ताटली घेऊन गेली. तिची चाल हलकी झाली होती.

उद्या माझी जाळी कापतील. शाई वाळून माझी भोकं बुजली आहेत, आता मला काही दिसत नाही. तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. तुमच्याकडे कुणा गेलेल्या माणसाचा शर्ट असेल, तर रंग टिकावा म्हणून तो उलटा करून वाळत घालू नका. रंग उडाला तर उडू द्या. आत फार अंधार असतो, आणि त्याचे डोळे उघडे असतात.