परकराची गाठ

लेकीच्या बाळंतपणासाठी शर्मिलाताई नाशिकहून रियाधला आल्या आणि आल्यापासून त्यांची पाठ जमिनीला टेकली नव्हती. नात रेवा रात्रभर जागायची आणि दिवसा, कामाच्या वेळी, शहाण्यासारखी झोपायची. त्यात ऋचाचं पथ्य, बाळाचं मालीश, डिंकाचे लाडू. बाळंतिणीला ओव्याची धुरी द्यायला गेल्या, तर छतावरचं धुराचं यंत्र असं बोंबललं की अख्खी इमारत जिन्यात उतरली. तेव्हापासून धुरी बंद झाली. बाकीचं मात्र काही बंद झालं नव्हतं.

"आई, आरशात चेहरा बघ जरा स्वतःचा," एक दिवस ऋचा म्हणाली. "मी आपल्या दोघींचं हमामचं बुकिंग केलंय. मोरोक्कन बाथ. इथे सगळ्या बायका जातात. आधी वाफेत बसायचं, मग तिथली बाई काळा साबण लावून अंग घासून देते. आपण काही करायचं नाही. रेवाला अनुराग बघेल, बापच आहे तो तिचा."

"घासून देते म्हणजे? कपडे?"

"काढायचे. आंघोळ आहे ती, आई."

शर्मिलाताईंनी गुडघे पुढे केले, बीपी पुढे केलं, रेवा बाटलीनं प्यायची नाही हेही सांगून पाहिलं. खरं कारण बोलण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पोटावर, कमरेवर आणि मांड्यांवर कोड होतं.

ऋचाच्या जन्मानंतर पहिला डाग उठला, तेव्हा त्यांचे यजमान राजाभाऊ हलक्या आवाजात म्हणाले होते, "मुलगी आहे आपल्याला. तिचं लग्न व्हायचंय. कुणाला कळता कामा नये." राजाभाऊ दुष्टपणानं बोलले नव्हते, लोकांची तोंडं त्यांना ठाऊक होती. पण ते बोलून मोकळे झाले आणि सांभाळायचं शर्मिलाताईंच्या वाट्याला आलं. लग्नाकार्यात चार बायका एका खोलीत साड्या बदलत, तेव्हा या मोरीचं दार लावून आत कोंडून घेत. पुढे ऋचाचं लग्न झालं, तरी सुटका नाही. आता तिच्या सासरी कळायला नको. आणि आता नात झाली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. लपवायलाही अंगात बळ लागतं आणि ते अलीकडे संपत आलं होतं.

"तू येणार नसशील तर मीही जात नाही," ऋचा म्हणाली आणि कूस बदलून पडली. बाळंत झाल्यापासून पोरगी दवाखान्यापलीकडे कुठे गेली नव्हती. शर्मिलाताईंचा जीव कळवळला. त्या मुकाट्यानं तयार झाल्या.

जायच्या दिवशी सकाळी त्यांनी कडकडीत पाण्यानं आंघोळ केली आणि डाळीचं पीठ लावून अंग खसाखसा चोळलं. परक्या बाईला मळ दिसला तर काय शोभा राहील? कामवाली यायच्या आधी भांडी विसळून ठेवणारी बाई ती, तिच्याकडून दुसरं काय होणार! वर कातडी कोरडी दिसू नये म्हणून अंगभर खोबरेल तेलही चोपडलं.

हमाम बायकांच्या पार्लरमध्येच होता. आत पुरुषाची सावलीसुद्धा नाही. काउंटरवरच्या मुलीनं प्रत्येकीच्या हातात पातळ कागदी चड्डीचं पाकीट दिलं. शर्मिलाताईंनी ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि परत ठेवून दिलं. त्यांनी घरून परकर आणला होता. गंगेवर बायका बांधतात तसा तो छातीशी आवळून त्यांनी घट्ट गाठ मारली. आत जाऊन पाहतात तर खोली एकच आणि तीत दोन संगमरवरी ओटे.

"दोघींना मिळून एकच खोली?"

"आई-मुलगी म्हटल्यावर त्यांनी एकच दिली," ऋचा म्हणाली आणि ओट्यावर पालथी झाली.

अंग घासणारी नाइमा मोरोक्कोची. दंड जाडजूड आणि गिऱ्हाइकांकडून उचललेलं मोडकंतोडकं हिंदी. तिनं शर्मिलाताईंच्या खांद्याला साबण लावला, तो घसरून खाली आला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तिनं हात नाकाशी नेला.

"मम्मी, तेल?"

"थोडंसंच."

"तेल नहीं. साबुन पकडता नहीं." कपाळाला हात लावून तिनं गरम पाणी ओतलं आणि शर्मिलाताईंना साध्या साबणानं खरकट्या पातेल्यासारखं धुऊन काढलं. तिकडे ऋचाला हसू आवरेना.

"आई, तू आंघोळ करून आलीस? आंघोळीला?"

"मग काय पारोशी येऊ?"

"यह निकालो," नाइमानं परकराला हात घातला. शर्मिलाताईंनी गाठ दोन्ही हातांनी धरली. नाइमानं खांदे उडवले आणि खरखरीत हातमोजा चढवून दंडांपासून सुरुवात केली. डाळीचं पीठ लावूनही मळाच्या वळ्या निघायला लागल्या आणि तो अपमानही शर्मिलाताईंनी गिळला. नाइमा एक हात ओढी, तेव्हा दुसऱ्यानं गाठ धरायची. तो ओढला की पहिल्यानं. परकर भिजून जड झाला होता, पायांत गुरफटत होता, वाफेनं डोकं गरगरत होतं. त्यांनी ऋचाकडे पाहिलं. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

त्यांना धीर वगैरे काही आला नाही. हात भरून आले, एवढंच. गाठ सुटली तेव्हा त्यांनी ती पुन्हा धरली नाही. नाइमानं परकर ओढून कोपऱ्यात टाकला आणि पोटावरून, मांड्यांवरून सरळ मोजा चालवायला घेतला. तिला घासायला अंग हवं होतं, ते मिळालं.

शर्मिलाताई डोळे गच्च मिटून पडल्या. ऋचा इकडे वळली तर काय सांगायचं, ते त्या मनात जुळवत होत्या. भाजलंय म्हणावं का?

"कमरेवरचा डाग वाढलाय गं," ऋचाचा आवाज आला. "आधी एवढा नव्हता."

शर्मिलाताईंनी डोळे उघडले. "तुला माहीत होतं?"

"लहानपणापासून. उन्हाळ्यात दुपारी झोपायचीस ना, तेव्हा दिसायचा. तू इतकी जपायचीस, मग मी कशाला विचारू?"

शर्मिलाताई उठून बसायला लागल्या. नाइमानं खांदा दाबून त्यांना पुन्हा आडवं केलं.

"अनुरागरावांना बोलली नाहीस ना? त्यांच्या आईला?"

"त्यांना साखरपुड्याच्या आधीपासून माहीत आहे, आई. बाबांनीच जाऊन सांगितलं. फसवणूक नको म्हणाले. सासूबाईंना काहीच वाटलं नाही. उलट म्हणाल्या, हे कशाला सांगायला आलात."

"आणि मला?"

"बाबा म्हणाले, तिला सांगू नका. तिला न विचारता बोललो हे कळलं तर दुखावेल. मग ते राहूनच गेलं."

राहूनच गेलं. लग्नघरात विहीणबाई आग्रहानं आपल्या खोलीत झोपायला बोलवत होत्या आणि शर्मिलाताईंनी ती रात्र हॉलमध्ये खुर्चीवर काढली होती. विहीणबाईंना ठाऊक होतं. राजाभाऊ तर समोरून दोनदा जाऊन आले होते, वर शालही आणून दिली होती त्यांनी. ज्यांनी लपवायला सांगितलं, त्यांनीच सांगून टाकलं होतं. ज्यांच्यापासून लपवायचं, ते कधीचे जाणून होते. आणि पहाऱ्यावर या एकट्याच उभ्या राहिल्या होत्या. हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांना फक्त फुकट गेलेली वर्षं दिसली आणि फार वाईट वाटलं.

"आई, बोल ना काहीतरी. रागावलीस?"

"रागवेन गं. तुझ्या बाबांवर तर चांगलीच रागवेन. आत्ता नाही. आत्ता दमलेय मी फार."

नाइमानं कोमट पाणी ओतलं आणि कुशीवर व्हायची खूण केली. शर्मिलाताई लेकीकडे तोंड करून वळल्या. अंगावर काहीही नसताना, त्या लख्ख दिव्याखाली, नाइमाचा हात पाठीवर येईपर्यंत त्यांना झोप लागली होती.