वहीतलं ताईचं पान

लग्न परवावर आलं होतं आणि टाचणीच्या पायाला भिंगरी लागली होती. सदा दातांत टाचण्या धरून बोलते म्हणून तिला हे नाव पडलेलं. धंद्याने शिंपीण, नात्याने नवरीची पाठची बहीण, म्हणजे करवलीचा मान तिचाच! फुलवाल्याला दोनदा फोन झाले, पाहुण्यांच्या गाद्या मोजून झाल्या, बुटांना पॉलिश झालं. आणि मुख्य म्हणजे ताईचा ड्रेस! मावशीने दुकानातलाच आणायचा हट्ट धरला होता, पण ताई म्हणाली, "माझा ड्रेस माझी बहीण शिवेल, नाहीतर मी रोजच्या कपड्यांत लग्नाला उभी राहीन." झालं, तेव्हापासून टाचणीचे पाय जमिनीवर नव्हते.

सकाळी ताईने तो डोक्यावरून घातला. दंडापाशी जो अडकला, तो पुढे जाईना की मागे येईना.

"ओढ की गं!" ताई आतून ओरडली.

"हलू नकोस, उसवेल!"

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," मावशी दारातून म्हणाली. "तरी मी सांगत होते."

टाचणीच्या तोंडचं पाणी पळालं. चूक कुठे झाली ते लगेच कळलं. लहानपणापासून दोघींचं माप एकच, एकीचे कपडे दुसरीने घालायचे. म्हणून तिने ड्रेस सरळ स्वतःच्या मापाने बेतला होता, स्वतःच घालून आरशापुढे गिरकीसुद्धा घेतली होती. पण ताई वर्षभर बेकरीत मैद्याचे गोळे मळत होती, तिचे दंड आता पैलवानाला लाजवतील असे झाले होते. आणि हे सख्ख्या बहिणीला दिसू नये? अर्ध्या गल्लीची मापं हिच्या वहीत होती, ताईचं नव्हतं. टाचणीला स्वतःचाच भयंकर राग आला.

ड्रेस हळूच सोडवून तिने गळ्यातली टेप काढली. दंड, खांदा, पाठ. दंडाला दीड इंच कमी पडत होतं, आणि कापड तर संपलेलं. त्याच ताग्यातला एकच कपडा घरात उरला होता, खुंटीवर कडक इस्त्रीत लटकलेला तिचा करवलीचा ड्रेस.

तिने कात्री उचलली.

"अगं ए, वेड लागलंय का? तू काय घालशील?"

"बिनबाह्यांचा! हल्ली फॅशन आहे." ताईने हात धरायच्या आत दोन्ही बाह्या उतरल्यासुद्धा.

मग मशीन जे धडधडायला लागलं! मावशी गुपचूप शेजारी येऊन बसली आणि सुईत दोरा ओवून देऊ लागली. दुपारी ताईने पुन्हा ड्रेस घातला. तो दंडांवरून अलगद खाली सरकला. ताईने हात वर केले, खाली केले, मावशीला धरून गोल फिरवलं. "सोड, पडेन मी!" मावशी हसत किंचाळली. "दुकानात नसता हो मिळाला असा."

टाचणीचा जीव भांड्यात पडला. तिने वही उघडली, कोऱ्या पानावर 'ताई' लिहिलं आणि खाली आकडे मांडले. मांडता मांडता तिचे डोळे भरून आले. परवापासून ताईचे कपडे दुसऱ्या घरातल्या कपाटात असणार होते.

ताईने वाकून वहीत पाहिलं. "रडतेस काय? बेकरी काही सुटत नाही, दंड अजून जाड होणार. दर महिन्याला येईन माप द्यायला. पान मोठं ठेव."

टाचणीने डोळे पुसले आणि शेजारचं पानही ताईसाठी कोरं सोडलं.